उजवी कळी

शांती नगर, मीरा रोड
गुरुवार, १२ जून २०२५

प्रिय एरिक,

गेल्या रविवारी सकाळी मी एक गोष्ट केली, ती सांगायला हे पत्र. ममताला सांगितली तर ती हसेल. क्षितिजाला सांगितली तर ती हसणार नाही, काळजी करेल. तू हसलास तर मला ऐकू येणार नाही, हे सगळ्यात बरं.

आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर बसलो. पूजा आटोपली. मग मोगऱ्याच्या दोन कळ्या पाण्यात भिजवल्या आणि देवीच्या पितळी मूर्तीला चिकटवल्या, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. आमच्या गावी गुरव असा कौल लावतो. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणावी, मुलीचं स्थळ घ्यावं की नाही, अशा गोष्टी लोक देवीला विचारतात. मी विचारलं, कॉम्प्युटरवर कुठला खेळ खेळावा.

आता नीट सांगतो. डॉक्टर म्हणाले, डोक्याला विश्रांती द्या. बाकी काही विशेष नाही. क्षितिजा बंगळूरला नोकरीला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर इथेच राहिला. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही अंतराळयान चालवायचा गेम खेळा. खऱ्या यानासारखं चालवायचं असतं. लहानपणी खळ्यात झोपून तारे बघायचात ना तुम्ही? तिथे तुम्हाला कुणी कॉल करणार नाही." तिने तीन खेळ सुचवले. पहिल्यात मालवाहू यान असतं, एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर माल पोचवायचा. दुसऱ्यात सगळं शास्त्राप्रमाणे, यान वर नेऊन दुसऱ्या यानाला हळूच जोडायचं. तिसऱ्यात काहीच नाही. नुसतं यान आहे आणि आकाश आहे. मी तिला म्हटलं, तूच निवड. ती म्हणाली, "नाही बाबा, हे तरी तुमच्या मनाने घ्या."

एवढ्यावरूनच मी थकलो. चौदा इमारतींच्या संकुलाचा मॅनेजर मी. कुठला पंप आधी चालू करायचा हे झोपेत सांगेन. पण मला काय आवडेल, ते सांगता येईना. म्हणून देवीला विचारलं, पहिला घेऊ का? आणि एरिक, प्रश्न मनात पुरा व्हायच्या आतच उजवी कळी पडली. इतका झटपट कौल मी गावातही कधी पाहिला नाही.

त्याच क्षणी सोसायटीने दिलेला तक्रारीचा फोन वाजला. ई विंगची लिफ्ट. हा नंबर अकरा वर्षांपूर्वी प्रत्येक लिफ्टच्या दारावर रंगवलाय, तेव्हापासून तो माझ्या खिशात आहे.

पहिला खेळ घेतला. मी चूक केली का? उद्या तुझ्या नोराबाई मासे विकायला आल्या की पत्र त्यांच्याकडे देईन. तुझं मागचं पत्र सुक्या बोंबलांच्या टोपलीतून आलं. मी मासे सोडलेत, पण ते पत्र वाचताना नाक काही ऐकेना. निदान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवत जा, देव्हाऱ्याजवळ ठेवता येत नाही.

तुझा,
गुणवंत


उत्तन
सोमवार, १६ जून

गुणवंता,

हसलो. नोरा म्हणते, इतका मोठ्याने हसलो की शेजारची ॲलिशा बघायला आली. बहिऱ्या माणसाला आपलं हसणं किती मोठं आहे ते कळत नाही.

देवीला गेमबद्दल विचारलंस? आमच्या घरी माझी आई संत अंतोनीला हरवलेल्या चाव्या शोधायला लावायची, त्यामुळे मी काही बोलू शकत नाही.

खेळ निवडण्याचं म्हणशील, तर मला कॉम्प्युटर कळत नाही, होडी कळते. माझा आजा होडी घेताना तीन गोष्टी बघायचा. बिघडली तर आपल्या हाताने दुरुस्त करता आली पाहिजे. तिचा आवाज आपल्याला कळला पाहिजे. आणि ती घरी परत यायला खुशीत असली पाहिजे. काही होड्या जायला खुशीत असतात, यायला नाही. त्या घ्यायच्या नाहीत. तुझ्या यानाला बंदर आहे का? की नुसतं हिंडायचं?

इथे सगळ्यांच्या होड्या वर ओढलेल्या आहेत. माझीही. पावसात करायची डागडुजी चालू आहे. आपण कारखान्यात पॉलिशच्या खात्यात होतो तेव्हा तू म्हणायचास, एरिक, तू नशीबवान, तुला बापाची होडी आहे, मला काय आहे? आठवतं? मी अजून नशीबवानच आहे. डांबराने हात काळे झालेत, पत्रावर डाग पडले तर समजून घे.

नोरा आता माझ्याशी हातांनी बोलते. शिव्या मात्र तोंडाने देते, त्या मला ऐकू येतात.

पिशवी घातली आहे. तरी वास येईल.

एरिक


शांती नगर
गुरुवार, ३ जुलै

प्रिय एरिक,

वास आला. ममताला भूक लागली.

पहिल्या खेळाचं सांगतो. यान छान आहे. खिडकीतून शनी दिसतो, त्याची कडी इतकी जवळ की मी आपोआप हात जोडले. पण माल पोचवायचा असतो. मला पहिलंच काम कुठलं मिळालं असेल? एका खाणीच्या ठाण्यावर पाणी नेऊन द्यायचं. पडद्यावर लाल अक्षरात सूचना येत राहते की ठाण्याची टाकी संपत आलीये. मी मुंबईला येऊन पंचवीस वर्षं झाली, आणि शनीजवळसुद्धा माझ्या वाट्याला टँकरच.

परवा पाणी घेऊन अर्ध्या वाटेत होतो तेवढ्यात खरा फोन वाजला. बी विंगच्या संचिता मॅडम.

"गुणवंतभाई, नल में पानी नहीं है, आप कहाँ हो?"

मी म्हटलं, "मॅडम, बस पहुँच रहा हूँ." कुणाला म्हटलं ते माझं मलाच कळलं नाही. खाली जाऊन व्हॉल्व्ह फिरवून वर आलो तर ठाणं कोरडं पडलेलं. पडद्यासमोर उभा राहून मी "सॉरी, सॉरी" म्हणत होतो. ममता दारात उभी राहून बघत होती. आधी हसली. मग हसायची थांबली.

मग दुसरा घेतला. त्यात घाई नाही, पण चूक चालत नाही. एकोणीस वेळा आपटलो. आमच्या शाळेतले सावंत गुरुजी आठवले. पाढा चुकला की ते काही बोलत नसत, नुसती फळ्यावर एक रेघ मारत. तसा हा खेळही रेघा मारतो. विसाव्या वेळी यानाला यान जोडलं गेलं आणि मला आनंद झाला नाही, फक्त सुटलो असं वाटलं.

मी वहीत दोन्ही खेळांची तुलना लिहून काढली आहे. काय बरं, काय वाईट, किती वेळ, डोकं किती दुखलं. क्षितिजा म्हणते, "बाबा, तुम्ही विश्रांतीचा पण रिपोर्ट बनवताय."

देवीने पहिल्याला होकार दिला होता, मग तो मला का लाभला नाही? देवी चुकत नाही. मग कौल लावण्यात माझंच काही चुकलं असेल.

तिसरा अजून उघडलेला नाही. ज्यात काहीच करायचं नाही तो खेळ कसा सुरू करायचा हे समजत नाही.

तुझ्या डागडुजीला यश येवो.

गुणवंत


उत्तन
सोमवार, ७ जुलै

गुणवंता,

मला लबाड माणसं आवडत नाहीत, तरी तुला लिहितोय.

शुक्रवारी नोरा ममतावहिनींना सुकट देऊन आली आणि इथे येऊन हातवारे करायला लागली. आधी मला वाटलं कुठे भांडण झालं. मग तिने पाटी घेतली आणि लिहिलं. "गुणाभाव मे महिन्यात पंपात पडलं व्हतं. पाऊण तास कोनाला कललं न्हाय. पिंटूला घावलं."

डोक्याला विश्रांती, बाकी काही विशेष नाही, असं तू मला लिहिलंस. तुझ्या हाताखालच्या पिंटूला सापडेपर्यंत पंप रूमच्या ओल्या फरशीवर पाऊण तास पडला होतास, हे लिहिलं नाहीस. डॉक्टर फक्त विश्रांती घ्या म्हणाले नव्हते, हेही आता मला माहीत आहे. हा फोन सोडा, रात्री सलग झोपा, नाहीतर पुढच्या वेळी पाऊण तासात कुणी येईलच असं नाही, असं म्हणाले होते. वहिनींनी नोराला शब्द न शब्द सांगितलाय. वहिनी कुणाला सांगणार? तुझ्या इमारतीतल्या लोकांना? ते विचारतील, मग पाणी कोण सोडणार?

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. त्या रविवारी तू देवीला खरं काय विचारलंस? प्रश्न पुरा व्हायच्या आत कळी पडली, असं तूच लिहिलं आहेस. मी गुरव नाही, पण एवढं कळतं की अर्धवट प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही. आधी मनात काहीतरी पुरतं होतं.

सांग. नाहीतर पत्र लिहू नकोस.

एरिक


शांती नगर
गुरुवार, ११ सप्टेंबर

प्रिय एरिक,

दोन महिने लिहिलं नाही. तू लिहू नकोस म्हणालास आणि मी ऐकलं. दुसरं खरं कारण म्हणजे तुझा प्रश्न, ते तुला माहीत आहे.

नोराबाई दर मंगळवारी-शुक्रवारी दाराशी येऊन विचारायच्या, "कागूद हाय?" ममता म्हणायची, "नाही गं." आणि दोघी माझ्याकडे बघायच्या.

गणपतीला गावी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती चालू होती. माझ्या हातात झांज. खिशातला फोन थरथरला. घरचे सगळे हात जोडून उभे, आणि मी झांज पुतण्याच्या हातात देऊन अंगणात गेलो. जी विंगचा पंप गरम झाला होता. चारशे किलोमीटरवरून मी पिंटूला सांगत होतो, लाल बटण नाही रे, त्याच्या खालचं. पिंटू म्हणाला, "माहितेय सर, मी बंद करूनच तुमाला फोन केला. लोक बोल्ले सरांना सांग, म्हणून सांगतोय." परत येईपर्यंत आरती संपली होती. वहिनीने तबक पुढे केलं. मी ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले, आणि मला रडू आलं. का आलं ते सांगता येत नाही. फार काही झालं नव्हतं.

परत आल्यावर तिसरा खेळ उघडला. लहानसं यान आहे, एका माणसापुरतं. आधी मी कामाची यादी शोधली. नाही. कुणाचा निरोप येतो का पाहिलं. नाही. मग इंजिन चालू केलं, थोडा वेग घेतला, आणि काय होतं बघावं म्हणून बंद केलं. यान थांबलं नाही, एरिक. तिथे हवा नाही, पाणी नाही, अडवणारं काही नाही. इंजिन बंद, तरी यान आपल्या वाटेने जात राहतं. मी खुर्चीत बसून राहिलो. बाहेर नुसता अंधार आणि तारे, आमच्या खळ्यावरून दिसायचे तसे. मला भीती वाटली. माझ्यावाचून काही अडत नाही, अशी जागा मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

तू आता समुद्रावर असशील. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून बरेच दिवस झाले. उत्तराची घाई नाही, किनाऱ्याला लागलास की लिही.

गुणवंत


उत्तन
शुक्रवार, १२ सप्टेंबर

गुणवंता,

पत्र मिळालं.

इंजिन बंद केल्यावर पुढे जातं? खोटं. होडीचं इंजिन बंद केलं तर ती थांबत नाही हे खरं, पण ती आपल्या वाटेने जात नाही, पाण्याच्या वाटेने जाते. वल्हं नसेल तर खडकावर. तुझं यान कुठे लागतं शेवटी? मागे फिरवता येतं का? आतल्या माणसाला काही ऐकू येतं का, की तिथे सगळे माझ्यासारखे?

माझा प्रश्न तसाच आहे.

एरिक


शांती नगर
गुरुवार, १८ सप्टेंबर

प्रिय एरिक,

ऐकू काही येत नाही. अंतराळात आवाज नसतो. खेळात थोडं संगीत आहे, ते मी बंद केलं.

तुझं पत्र मंगळवारी हातात पडलं आणि मी तारीख पुन्हा पुन्हा वाचली. माझं पत्र नोराबाईंनी शुक्रवारी दुपारी तुला दिलं. त्याच शुक्रवारी तू उत्तर लिहिलंस. तुझं सगळं गाव समुद्रावर गेलंय. मागच्या वर्षी या दिवसांत तुझं उत्तर यायला तीन तीन आठवडे लागत होते. मी नोराबाईंना दारात थांबवलं आणि विचारलं, एरिक कधी गेला? त्यांनी टोपली खाली ठेवली. म्हणाल्या, "न्हाय गेला भाव. होरी वालूतच हाय. रोज सकालचा जातो, होरीत बसतो, दुपारचा घरा येतो. डांबर पन लावला न्हाय." मग म्हणाल्या, "तुमी कागूद लिवा. त्याला त्याचीच वाट असते."

मी तुला लबाड म्हणणार नाही. मला तो हक्क नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्या रविवारी कळ्या लावताना माझा डावा हात थरथरत होता, पंप रूममधल्या त्या दिवसापासून थरथरतो. मी देवीकडे पाहिलं आणि मनात आलं, हा फोन मी परत देऊ का? शब्द पुरते आले. मला ते ऐकवेनात. माझ्या आधीचा मॅनेजर असा निघून गेला तेव्हा लोक त्याला काय काय बोलले ते मी ऐकलंय. आणि इतकी माणसं अकरा वर्षं माझ्या भरवशावर. म्हणून मी घाईघाईने दुसरा प्रश्न पुढे केला, पहिला खेळ घेऊ का. तो अर्धाच झाला होता तेव्हा कळी पडली.

देवीने दिलेला होकार मी खेळावर खर्च केला. सांगायला लाज वाटते. आमच्या गावात असं कुणी केलं असतं तर गुरवाने त्याला बाहेर काढलं असतं.

आता पुन्हा कौल लावावा का? दोन दिवस हाच विचार करतोय. डावी पडली तर?

तुझं खरं सांग.

गुणवंत


उत्तन
शुक्रवार, १९ सप्टेंबर

गुणवंता,

नोराला टोपलीसकट समुद्रात टाकणार होतो. मग जेवायला कोण देईल म्हणून थांबलो.

खरं सांगतो. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आम्ही चौघं बाहेर होतो. धुकं होतं. मी सुकाणूवर. मागून मोठं मालवाहू जहाज आलं, भोंगा वाजवत आलं. तिघं खलाशी ओरडत होते. मला काही ऐकू आलं नाही. मला वाटलं सगळं शांत आहे. त्यातल्या नीलेशने मला ढकलून सुकाणू फिरवलं. जहाजाच्या लाटेने आमची होडी आडवी झाली, मग सरळ झाली. परत येताना कुणी बोललं नाही, किंवा बोलले असतील. होडीचा आवाज कळला पाहिजे, असं मी तुला लिहिलं ना आजाचं? लिहिताना मला माझीच लाज वाटली होती.

आमचा मुलगा प्रिन्स विमानतळावर सामान चढवतो, तो होडी घेणार नाही. नीलेश मागतोय. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तो रोज येतो, होडीला हात लावतो आणि जातो.

आता तुझं. पुन्हा कौल लावायचा नाही. आमच्याकडे एकदा पाद्रीने आशीर्वाद दिला की माणूस दुसऱ्या दिवशी जाऊन विचारत नाही, फादर, कालचा लागला का? तुला जूनमध्ये होकार मिळालाय. कौल काय मासळी आहे, चार महिन्यांत नासायला? तो तिथेच आहे. तू खेळावर खर्च केला म्हणतोस, पण खेळ तुला लाभला कुठे? म्हणजे खर्च झालाच नाही.

तू आधी कर. मग मी नीलेशला बोलावतो. तू नाही केलंस तर मीही होडीत बसून राहणार, आणि दोघांच्या बायका दारात उभ्या राहून एकमेकींना हातवारे करणार.

एरिक


शांती नगर
गुरुवार, २५ सप्टेंबर

प्रिय एरिक,

तुझं पत्र मंगळवारी आलं. दोन दिवस ते देव्हाऱ्याच्या खालच्या खणात होतं. वास असूनही.

नवरात्र चालू आहे. आज सकाळी पूजा केली, घटावर माळ सोडली. मोगऱ्याच्या कळ्या ताटात होत्या. त्या सगळ्या देवीच्या पायाशी वाहिल्या, खांद्यावर एकही लावली नाही. देवीला म्हटलं, उशीर झाला.

फोन परत देतोय, असं ममताला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "नोकरी गेली तर?" मी म्हटलं, "दिवसाची ठेवायला मी तयार आहे. ठेवायची की नाही ते त्यांनी ठरवावं." ती पुढची पोळी लाटायला लागली. ती तव्यावर टाकून म्हणाली, "माझ्या शिकवण्या आहेत. जा तू."

दहा वाजता ऑफिसात गेलो. ऑफिस पहिल्या मजल्यावर, क्लब हाऊसच्या वर. सेक्रेटरी गरब्याच्या लाइटिंगवाल्याशी बोलत होते. मी अर्ज आणि फोन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी अर्ज वाचला नाही, फोनकडे पाहिलं.

"अरे गुणवंतभाई, नवरात्री में? अभी गरबा सर पे है. दिवाली के बाद बैठते हैं ना आराम से."

अकरा वर्षांत मी हे किती वेळा ऐकलं असेल. गणपतीनंतर, दिवाळीनंतर, होळीनंतर. मी म्हटलं, "सर, मे महिन्यात मी पंप रूममध्ये पडलो होतो."

"हाँ हाँ, सुना था. अब तो ठीक हो ना?"

मी म्हटलं, "नहीं."

एवढा एकच शब्द. माझा हात टेबलावर होता, थरथरत होता, आणि तो मी खिशात लपवला नाही. त्यांनी तो पाहिला. लाइटिंगवाल्यानेही पाहिला.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्या आणि माझ्या मधोमध, टेबलावर, थरथरत सरकत होता. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. माझा हात निघाला होता, खोटं सांगत नाही. मग सेक्रेटरींनी उचलला. "हाँ... हाँ जी... एक मिनट." फोनवर तळवा ठेवून त्यांनी मला विचारलं, "सी विंग में पानी नहीं है. कौन सा वाल्व है, गुणवंतभाई?"

व्हॉल्व्ह जिन्याखालचा, डावीकडून दुसरा, अर्धा फेरा उलटा देऊन मग सरळ फिरवायचा. अजूनही झोपेत सांगेन.

"पिंटू को मालूम है," मी म्हटलं, आणि जिना उतरलो.

गुणवंत